शेवटची गाडी गेल्यानंतर

१९४९ च्या जानेवारीअखेरीस आपल्या देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दिवस मावळल्यावर चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौघांची गाठ पडायची ती आमच्या नागपुरात, सोनेगावच्या धावपट्टीवर. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, उतारूही या विमानातून त्या विमानात जायचे आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतलेलं असायचं. सकाळच्या चहाबरोबर मद्रासच्या माणसाच्या हातात दिल्लीचं पत्र. वीसेक वर्षं हा खेळ रोज रात्री चालला. डाकोटा विमानांच्या काळातली ही करामत नकाशाच्या मध्यभागी असण्याची होती, तशीच वेळापत्रकाचीही होती. जाणारं प्रत्येक विमान परत कधी येणार, हे आधी ठरायचं आणि मग ते उडायचं.

रात्री जागणाऱ्या शहरांबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते या टपालसेवेत आलेलं आहे. शहराची रात्र किती रंगीत, किती उशिरापर्यंत चालणारी, किती गाजलेली, याची मोजमापं खूप होतात. प्रवासी पोट्टे एकमेकांना विचारतात तेही हेच. पाठीवर पिशवी टाकून, वसतिगृहातल्या आठ खाटांपैकी एका खाटेवर झोपत काही देश फिरल्यावर माझ्यापुरतं माप एकच उरलं आहे. रात्री दीड वाजता, खिशात बेताचे पैसे असताना, एकट्या माणसाला आपल्या खाटेपर्यंत सुखरूप पोचता येतं का? येत असेल तर त्या शहराला रात्र आहे. येत नसेल तर तिथे फक्त उशिरापर्यंत चालणारी दुकानं आहेत.

छावणीमागचा बाजार

मी सदरचा. नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला सांगायचं तर, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांची फौज इथे ठाण मांडून बसली, फौजेपाठोपाठ बाजार आला, आणि त्या बाजाराचा पुढे सदर झाला. शेजारच्या वस्तीला आजही छावणीच म्हणतात. गोऱ्यांची चर्च, पाव-बिस्किटांची दुकानं, इंग्रजी शाळा, शिंपी आणि सिनेमाची थेटरं यांच्यामुळे उरलेल्या नागपुराला सदर नेहमी थोडं परकं वाटत आलं. महाल-इतवारीतली माणसं सदरला यायची ती खरेदीपेक्षा हवापालटासाठी. लिबर्टी, स्मृती या थेटरांचा शेवटचा खेळ सुटला की रेसिडेन्सी रोडवर पायी चालणाऱ्यांची एक लाट यायची आणि पाचदहा मिनिटांत विरून जायची. चिनी जेवण हे नागपूरकरांना पहिल्यांदा कळलं ते बरंचसं सदरमध्येच.

आजची सदरची रात्र वेगवेगळ्या थरांची आहे. वर काचेची बारं आणि हॉटेलं. खाली पानटपरी, जिथे सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा प्लास्टिकच्या कागदात घोळवणाऱ्या पोराचा हात यंत्रासारखा चालतो. कोपऱ्यावर अंडा-ऑम्लेटची गाडी. थोडं पुढे गेलं की गड्डीगोदाम, तिथून कामठी रोड, आणि त्या रस्त्याने रात्रभर धावणारे ट्रक. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर कराराची ही देणगी. तेव्हा सदर-सिव्हिल लाइन्सच्या हॉटेलांत खोली मिळत नाही, रस्त्यांवर बाहेरगावच्या पाटीच्या गाड्या दिसतात आणि सावजीच्या रश्श्याने अर्ध्या महाराष्ट्राच्या डोळ्यांतून पाणी काढलेलं असतं. त्याच महिन्यात नाताळ येतो. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स या दोन्ही कॅथेड्रलांत माणसं लोटतात. नव्या कपड्यांतली पोरं, स्वेटर घातलेल्या आज्या, आणि गव्हाणीचा देखावा बघायला आलेली इतर धर्मांची कुटुंबं.

अधिवेशनाची रात्र आणि नाताळची रात्र, दोन्ही एकाच महिन्यात आणि एकाच वस्तीत. एकीला पैसा लागतो आणि गाडी लागते. दुसरीला काहीच लागत नाही. परदेशातल्या रात्री बघताना हा फरक मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

खाओसानचा गलका

नागपूरहून परदेशी थेट जायचं तर शारजा किंवा दोहा, पुढे जिथे जायचं तिथे. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला आणि आमच्याकडच्या मध्यमवर्गीय तरुणाची पहिली परदेशवारी बँकॉकची ठरू लागली. त्या शहरात पाठपिशवीवाल्यांची पंढरी म्हणजे खाओसान रोड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा छोटा रस्ता मुळात तांदळाच्या व्यापाराचा. १९७० च्या दशकात युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या भटक्यांची वाट आग्नेय आशियापर्यंत पसरली. १९७३ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने स्वस्तात आशिया कसा ओलांडावा यावर एक पुस्तिका काढली आणि लोनली प्लॅनेटचा जन्म झाला. पुढच्या दशकात खाओसानच्या घरमालकांनी आपल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. बाकी सगळं त्याच्या मागोमाग आलं.

खाओसानवर पहिल्यांदा उभं राहिल्यावर कानठळ्या बसतात. समोरासमोरची दोन बारं एकमेकांचं गाणं बुडवायचा प्रयत्न करत असतात. लहान बादलीत दारू, बर्फ आणि शीतपेय ओतून त्यात पाच नळ्या खोचून देतात. तळलेला विंचू काडीला टोचून फिरवणारी बाई विंचवाचे कमी आणि फोटो काढू दिल्याचे जास्त पैसे कमावते. सगळं जग इथे आलेलं असतं आणि थाई माणूस मात्र फक्त गल्ल्यावर दिसतो. रस्त्याची गंमत पहिल्या तासाला जितकी वाटते तितकी तिसऱ्या तासाला उरत नाही, आणि तोवर मेट्रो बंद झालेली असते. मग टुकटुकवाला. दिवसा शंभर बाथ सांगणारा माणूस रात्री एक वाजता चारशे सांगतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण पहाटे पाचला त्याच भागात गेलं तर रस्ता धुतलेला असतो आणि भगव्या वस्त्रांतले भिक्खू अनवाणी भिक्षेला निघालेले असतात. रात्रभर भांडी घासलेली बाई गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालते. खाओसानचं खरं रात्रीचं जग तिचं आहे. आपण बादलीतली दारू पिऊन तिच्या पाळीत काही तास पाहुणे असतो.

पेल्यात काय आहे

लाओसमधलं वांग व्हिएंग हे गाव पाठपिशवीवाल्यांच्या नकाशावर आलं ते नाम सोंग नदीमुळे. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून नदीत वाहत जायचं आणि काठावरच्या बारमध्ये थांबत थांबत पुढे जायचं, असा तिथला खेळ. २०११ या एका वर्षात तिथे सत्तावीस प्रवासी दगावल्याची नोंद झाली. कुणी बुडून, कुणी खडकावर आपटून. पुढच्या वर्षी सरकारने काठावरची बारं उठवली. गाव सुधारलं, असं म्हणेपर्यंत २०२४ चा नोव्हेंबर उजाडला आणि त्याच गावात भेसळीची दारू पोटात गेल्याने सहा परदेशी प्रवासी गेले. बहुतेक विशीच्या आगेमागे. दारूत मिथेनॉल होतं.

मिथेनॉलचा कावा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो जिभेला कळत नाही. चव आणि वास नेहमीच्या दारूसारखाच. शरीर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, म्हणून माणूस ते रात्रीचं जागरण समजून पडून राहतो. दृष्टी अंधूक झाली, डोळ्यांपुढे पांढरं धुकं आलं, तर एक मिनिटही न दवडता मोठं हॉस्पिटल गाठायचं. यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत.

हे परदेशातलं दुखणं आहे असं समजायचं कारण नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसं मारली. तिथे मेलेले मजूर होते, म्हणून जगभर तेवढ्या बातम्या झाल्या नाहीत. विष तेच आणि त्याला कारणही तेच, दारू जेवढी स्वस्त तेवढी ती कुठून आली हे विचारणारा कुणी नाही. नागपूरकराला हे गणित चांगलं माहीत आहे. आमचा शेजारी वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून बंदीत. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या हद्दीवरची दुकानं रात्री किती गजबजतात, आणि हद्दीपलीकडे चोरून काय काय विकलं जातं, हे बघायला लाओसला जायची गरज नाही.

दारातला माणूस

रात्रीच्या शहरात तुम्ही कोण आहात हे दारात उभा असलेला माणूस ठरवतो. बर्लिनच्या प्रसिद्ध टेक्नो क्लबांबाहेर तासभर रांगेत उभं राहिल्यावर दारवान नुसती मान हलवतो. कारण सांगत नाही. आत गेलात तर फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, कारण आतल्या माणसांची मोकळीक त्यांना जपायची असते. २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. आपल्याकडे तमाशाला प्रतिष्ठा मिळायला किती पिढ्या गेल्या हे आठवलं म्हणजे या निर्णयाचं वजन कळतं.

बुडापेस्टमध्ये उलट. तिथे दार तुम्हाला शोधत येतं. जुन्या पडक्या वाड्यांमध्ये मोडकं फर्निचर मांडून थाटलेली तिथली बारं बघण्यासारखी आहेत, आणि त्यांच्या वाटेवरच दोन हसतमुख मुली रस्ता विचारायला थांबवतात. गप्पा रंगतात, मग त्यांच्या ओळखीच्या जागी एखादा पेला. बिल येतं तेव्हा आकडा हजारो रुपयांत असतो आणि टेबलाशी दोन दांडगे उभे. पैसे नसतील तर एटीएमपर्यंत सोबत करतात. परदेशी वकिलातींनी आपल्या नागरिकांना अशा जागांबद्दल इशारे दिले, इतका हा फास रुळलेला आहे. इस्तंबूलमध्ये याच फासात मुलींच्या जागी गप्पिष्ट मित्र असतो, शांघायमध्ये चहाचं दुकान. मेनूवर भाव लिहिलेले नसतील तिथे बसायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी संकटं टळतात.

आणि तिसरं दार आपल्यासाठीच असतं. चारपाच भारतीय तरुण मिळून गेले की पट्टायापासून प्रागपर्यंत दारवानाच्या कपाळावर आठी येते. हा वर्णद्वेष आहेच, पण केवळ तेवढाच नाही. पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर हिंदी-पंजाबी गाणी वाजवणारी भारतीय बारं आहेत. तिथे आपली माणसं बाई दिसली की काय करतात हे बघितल्यावर, दारवानाच्या आठीचा थोडा हिशेब आपल्यालाही द्यावा लागतो. आपल्या शहरांतल्या हॉटेलांनी तर एकट्या पुरुषाला मज्जाव करणारी पाटीच लावलेली असते. जगाने जे नुसत्या नजरेने सांगितलं, ते आपण आपल्याच दारावर लिहून ठेवलं आहे.

नाचायचा परवाना

रात्र कुठवर चालू द्यायची हा प्रश्न सगळ्याच सरकारांना छळतो. त्यांची उत्तरं बघितली तर आपलं महाराष्ट्र सरकार एकटं पडत नाही. जपानने १९४८ मध्ये करमणुकीच्या धंद्यांवर कायदा आणला. त्यानुसार विशेष परवाना नसलेल्या जागी नाचायला बंदी आणि परवाना असला तरी मध्यरात्रीनंतर नाच बंद. टोकियोतल्या क्लबांत कित्येक वर्षं नाच मनाई असल्याच्या पाट्या लावून लोक नाचत होते. हा नियम २०१६ मध्ये सैल झाला. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून असाच कायदा होता, तो २०१७ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्स बार बंद केले, तारांकित हॉटेलांना मात्र सूट ठेवली. ही सूट हायकोर्टाला रुचली नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बंदी उचलून धरली नाही, नवा कायदा आला, त्यातल्या जाचक अटी २०१९ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टाने काढल्या. मधल्या काळात ज्या हजारो बायकांचं पोट त्यावर होतं त्यांचं काय झालं, हे कुठल्या निकालात लिहिलेलं नाही.

बर्लिनची गोष्ट याच्या उलटी आणि गमतीची. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे तुकडे झाले. पूर्वेकडे सोव्हिएत, पश्चिमेकडे इतर दोस्त राष्ट्रं, आणि दोन्हींची बंद होण्याची वेळ वेगवेगळी, म्हणून गिऱ्हाईक इकडून तिकडे पळायचं. १९४९ मध्ये हाइन्झ त्सेलरमायर या हॉटेलवाल्याने व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन कमांडंटचं दार गाठलं आणि पश्चिम बर्लिनमधली बंद होण्याची वेळच रद्द करून घेतली. कोरोनाकाळ सोडला तर ती पुन्हा आली नाही. नागपुरात रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेच हे साल.

आपल्याकडे २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दारू विकणाऱ्या जागा वगळून बाकी दुकानांना चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली. मुंबईत २०२० च्या जानेवारीत तिचा गाजावाजा झाला, आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारने पुन्हा एकदा आदेश काढून हेच सांगितलं, कारण पोलीस अजूनही अकरा वाजता काठी आपटत दुकानं बंद करत होते. याच कायद्यात एक चांगलं कलम आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची. कामगार बाईच्या परतीची वाट कायद्याला सुचली. गिऱ्हाईक बाईच्या वाटेचं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि आगीचं काय? २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलमध्ये चौदा माणसं गेली. २०२५ च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याच्या क्लबमध्ये पंचवीस. यात बहुतेक तिथलेच कामगार, स्वयंपाकघरात अडकलेले. २००९ च्या पहिल्याच रात्री बँकॉकच्या एका क्लबमध्ये साठाहून अधिक गेले होते. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, बाहेर पडायचा रस्ता. म्हणून मी कुठेही आत शिरलो की गाण्याआधी दुसरं दार शोधतो.

दीड वाजता

टोकियोची शेवटची गाडी साधारण बाराच्या पुढेमागे सुटते आणि पहिली पहाटे पाचच्या सुमारास. शिंजुकूच्या फलाटाकडे धावणाऱ्या कोटटाय घातलेल्या माणसांची शर्यत हा तिथला रोजचा तमाशा. गाडी चुकलेल्यांसाठी शहराने सोय केलेली असते. चित्रकथांची वाचनालयं, कॅराओकेच्या खोल्या, शवपेटीएवढ्या कॅप्सूल खाटा. टॅक्सी परवडत नाही म्हणून तिथे बसून राहणं हा गुन्हा ठरत नाही. लंडनने २०१६ च्या ऑगस्टमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्री काही मार्गांवर भुयारी रेल्वे रात्रभर सुरू केली. बर्लिनमध्ये तर आठवड्याअखेरच्या रात्री भुयारी गाड्या कधी थांबतच नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये रात्रीचा महापौर आहे. तो क्लबमालक, रहिवासी आणि पालिका यांच्यात बोलणी करतो, कारण रात्री झोप हवी असलेला माणूसही शहराचाच असतो हे त्यांना उमगलं.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. २०१३ च्या डिसेंबरात लिटल इंडियात एका भारतीय मजुराचा बसखाली मृत्यू झाला आणि दंगल पेटली. २०१५ मध्ये कायदा आला, रात्री साडेदहानंतर दुकानात दारूविक्री आणि उघड्यावर पिणं बंद. बारमध्ये बसून प्यायला मात्र मुभा. खिसा असेल त्याची रात्र चालू, मजुराची साडेदहाला संपली.

आता नागपूर. आमची मेट्रो दिसायला देखणी आहे. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असे चार मजले एकावर एक उभे आहेत. पण शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमारास जाते, आणि हॉटेलात जेवण मात्र साडेदहाला येतं. मग चारही मजले रिकामे आणि माणूस पाचव्या पर्यायाच्या शोधात. तो पर्याय म्हणजे स्वतःची गाडी. प्यायलेल्या माणसाने चालवलेली. २०२४ च्या फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर रामझुला पुलावर एका मर्सिडीजने दुचाकीवरच्या दोन तरुणांना उडवलं, चालवणारी प्यायलेली असल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीनाच्या पोर्शेने दोन तरुण अभियंते मारले. मद्याचा परवाना मिळायला आपल्याकडे वय पंचवीस लागतं, तो मुलगा अठराचाही नव्हता. दोन्ही वेळा चर्चा बारवर झाली, पोलिसांवर झाली, श्रीमंतीवर झाली, रक्ताच्या नमुन्यांवर झाली. त्या वेळी त्या रस्त्यावर एक बस का नव्हती, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

एकटी बाई

परदेशात रात्री सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या बायका. क्वालालंपूरमधली मामाक दुकानं तमिळ मुसलमानांची. अनेक दुकानं चोवीस तास चालतात, दारू नाही. रोटी चनाई, डाळ, हातभर उंचावरून ओतलेला दुधाचा फेसाळ चहा आणि भिंतीवर फुटबॉल. रात्री दोन वाजता एका टेबलावर बुरख्यातल्या कॉलेजच्या मुली, शेजारी चिनी कुटुंब, पलीकडे एकटी बाई लॅपटॉप उघडून बसलेली. कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही. हनोईत २०१६ च्या सप्टेंबरपासून होआन कियेम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत गाड्यांना बंद असतात. तिथे आज्या टाळ्यांच्या तालावर नाचतात, पोरं खेळण्यातल्या मोटारी पळवतात, जोडपी आइस्क्रीम खातात. आमच्या फुटाळा तलावावर याहून चांगला वारा येतो. पण साडेदहानंतर तिथे मुलगी एकटी बसली तर पहिली शिट्टी किती मिनिटांत येईल यावर पैज लावता येईल.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईच्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं, 'व्हाय लॉइटर?'. त्यातला मुद्दा साधा आणि अवघड आहे. बाईला रस्त्यावर काही काम असलंच पाहिजे हा आग्रह सोडा, तिला उगाच रेंगाळायचाही हक्क आहे. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या लीड्स शहरात बायकांचे खून होत असताना पोलिसांनी बायकांना घरात राहायला सांगितलं, तेव्हा बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. २०२४ च्या १४ ऑगस्टला मध्यरात्री कोलकात्यातही बायका अशाच रस्त्यावर उतरल्या. नागपूर पोलिसांनी २०१९ च्या डिसेंबरात रात्री नऊ ते पहाटे पाच अडकलेल्या बायकांना घरी सोडायची सेवा सुरू केली. चांगली आहे. पण ती सोय संकटाची आहे, सवयीची नाही. पोलिसांची गाडी बोलावून सिनेमाला कोण जातं?

आपली जागरणं

परदेशातून आल्यावर मला लोक हमखास विचारतात, आपल्याकडे असं कधी होणार? आपल्याकडे झालेलं आहे, आणि ते कुणी नाइटलाइफ म्हणून मोजत नाही.

दसऱ्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर या. महाराष्ट्रातून, बाहेरून लाखो माणसं रेल्वेने, ट्रकने आलेली असतात. शेतमजूर बायका, तान्ही पोरं, म्हातारे रस्त्याच्या कडेला चादर टाकून झोपतात. रात्रभर पुस्तकांची दुकानं उघडी. भर मध्यरात्री एखादा गडी हातातली नोट दोनदा बघून बाबासाहेबांचा ग्रंथ विकत घेतो. गल्लोगल्ली लोक जेवण वाटत असतात.

आणि दुसरं जागरण पूर्व विदर्भातलं, झाडीपट्टी नाटकांच्या हंगामाचं. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार नाचते आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक तांबडं फुटेपर्यंत चालतं. होळीपर्यंत हेच. वडसा हे या धंद्याचं ठाणं, तिथे नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीने लागलेल्या. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या निमित्ताने घरात पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, शाल पांघरलेल्या बायका पुढच्या रांगेत बसून नायिकेबरोबर रडतात. थंडीत, उघड्यावर, अख्खं गाव जागं.

खाओसानपेक्षा ही रात्र मोठी, आणि तिथल्यापेक्षा सुरक्षित. का? गावाकडे परतीची वाट चालत जाण्याएवढी असते आणि त्या वाटेवर अख्खं गाव सोबत असतं. दीक्षाभूमीला सरकार जादा गाड्या सोडतं, स्वयंसेवक कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असतात. वर्षातून काही रात्री आपल्याला हे जमतं. म्हणजे येत नाही असं नाही.

म्हणून नागपूरला बर्लिन करा असं माझं म्हणणं नाही. शनिवारी रात्री दीडपर्यंत मेट्रो. सदरहून कामठी, जरीपटका आणि मानेवाड्याकडे रात्री एक बस. रेसिडेन्सी रोडवर चालता येईल असा फुटपाथ आणि त्यावर दिवे. बाईला जाता येईल असं एक स्वच्छतागृह, रात्रीही उघडं. याला नवा कायदा लागत नाही.

आणि सुरुवात कधी करायची तेही सुचवतो. डिसेंबरात अख्खं सरकार आमच्या गावात मुक्कामाला असतं. एखाद्या मंत्र्याने एका शनिवारी सुरक्षारक्षक आणि गाडी हॉटेलात ठेवून रात्री साडेबाराला सदरच्या चौकात उभं राहावं आणि खिशात पन्नास रुपये घेऊन जरीपटक्याला जाऊन दाखवावं. बरोबर घरातल्या मुलीला घ्यावं. सोमवारी सभागृहात आल्यावर जे बोलतील, ते आम्ही लिहून घेऊ.